हसतील त्यांचे दात दिसतील

मे २०२२ मध्ये माझ्या मुलीचा साखरपुडा झाला. फोटो काढणारा मुलगा पंचविशीतला, भलताच उत्साही. त्याने सगळ्यांना ओळीने उभं केलं, जावईबापूंची कॉलर नीट केली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘काकू, असं ओठ मिटून नका ना हसू. आधार कार्डाचा फोटो नाहीये हा!’’ सगळे हसले. मीही हसले. ओठ मिटूनच.

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की ही सवय त्याच्या वयाच्या दुपटीहून जुनी आहे! सातव्या-आठव्या वर्षापासून मी अशीच हसत आले. फारच हसू आलं तर हात आपोआप तोंडापुढे जातो. बँकेत काउंटरवर होते तेव्हा ‘ग्राहकाचे हसतमुखाने स्वागत करा’ अशी पाटी माझ्या डोक्यावर लटकत असे आणि तिच्याखाली मी मख्ख चेहऱ्याने पासबुकं भरत असे. शाखेत माझं नाव ‘आखडू’ पडलं होतं. पुढे कादंबऱ्या लिहू लागले, तेव्हा मलपृष्ठावरचे माझे मिटल्या तोंडाचे फोटो पाहून एका परीक्षकाने मला ‘गंभीर प्रकृतीच्या लेखिका’ ठरवून टाकलं. आता त्यांना कसं सांगायचं, की बाई गंभीर वगैरे काही नाही, तिचे दात खराब आहेत.

खराब म्हणजे किडलेले नव्हेत. ते मजबूत आहेत. अजून ऊस सोलून खाते. दोष आहे तो रंगाचा. नुसते पिवळे असते तर चहावर ढकलून मोकळी झाले असते. पण माझे दात राखाडी-तपकिरी, चार पावसाळे खाल्लेल्या कौलासारखे आणि त्यांच्यावर आडवे पट्टे. हिरडीजवळ गडद, टोकाकडे थोडे फिकट. आयुष्यभर मी ते घासले. राखुंडीने घासले, काळ्या दंतमंजनाने घासले, मीठ-लिंबाने घासले, कुणी सांगितलं म्हणून खायच्या सोड्यानेही घासले. घासून जाण्यातला तो रंगच नव्हता, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं.

साखरपुड्यानंतर मुलगी हट्टाला पेटली. लग्न डिसेंबरात होतं. ‘‘आई, माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये तू दात दाखवून हसलेली मला हवी आहेस.’’ मी म्हटलं, या वयात आता काय शोभा? पण मुलींपुढे कुणाचं चाललंय? तिने वेळ घेतली आणि मला दंतवैद्याच्या खुर्चीत नेऊन बसवलं.

डॉक्टर माझ्या मुलीच्याच वयाची. तिने आरसा तोंडात घातला, बराच वेळ पाहिलं, आणि मग दातांबद्दल विचारायचं सोडून माझ्या माहेरच्या चौकशा सुरू केल्या. गाव कुठलं? पाणी विहिरीचं की बोअरचं? भावंडं किती? त्यांचे दात कसे आहेत? स्थळ पाहायला आल्यासारखी ती विचारत होती. गाव कोकणातलं, पाणी विहिरीचं, भाऊ एक, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, त्याचे दात अजूनही जाहिरातीत शोभतील असे. ती म्हणाली, ‘‘म्हणजे पाणी नाही.’’

या चौकशीचं कारण मला नंतर कळलं. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत कित्येक गावांच्या जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दात घडण्याच्या वयात ते पाणी पोटात गेलं, की दातांवर खडूसारखे पांढरे चट्टे आणि पुढे तपकिरी डाग येतात. पण ते पाणी एकटीला पकडत नाही. एका विहिरीवरची सगळी पोरं कमीअधिक तशीच निघतात. एकाच घरात, एकाच रहाटाचं पाणी पिऊन भाऊ पांढरा आणि बहीण काळी, हे पाण्याचं काम नव्हे.

मग तिने विचारलं, ‘‘काकू, लहानपणी तुम्ही फार आजारी पडायचात का? पिवळ्या पावडरीच्या कॅप्सूल आठवतात?’’

आठवतात तर! साठ वर्षांपूर्वीची ती कडू चव त्या खुर्चीत माझ्या जिभेवर आली. आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात त्या कॅप्सूल असत. आई कॅप्सूलचे दोन भाग अलगद सोडवी, पिवळीधमक पूड मधात कालवी आणि बोटाने माझ्या टाळूला लावी. खोकला, घसा, ताप, जुलाब, कशालाही तेच औषध. पावसाळाभर डबा रिकामा होई आणि भरला जाई.

या डब्याचा इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाणं आईवर अन्याय होईल. भाऊ आणि मी यांच्या मध्ये एक बहीण होती. १९५७ च्या पावसाळ्यात, दीड वर्षाची असताना, छाती भरून दोन दिवसांत गेली. नदीला पूर होता, तर उतरेपर्यंत सगळं संपलं होतं. मी जन्मले १९६० साली. चौथ्या वर्षी, तशाच पावसात, मलाही न्यूमोनिया झाला. पण या वेळी तालुक्याच्या डॉक्टरांकडे त्या कॅप्सूल होत्या आणि मी वाचले. त्या दिवसापासून मला शिंक आली तरी आईचा हात डब्याकडे जाई. डॉक्टरांनीच मोकळी परवानगी दिली होती. त्यांच्या दृष्टीने ते औषध म्हणजे धन्वंतरीने स्वतः पाठवलेलं.

आणि तसं ते होतंही. टेट्रासायक्लिन हे त्या औषधाच्या कुळाचं नाव. कुळाचा मूळपुरुष ऑरिओमायसिन. अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत बेंजामिन डगर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने मिझुरी विद्यापीठाच्या शेतातल्या मातीतून एक जंतू वेगळा काढला. सोनेरी रंगाचा, म्हणून नावातही सोनं. हे डगर प्राध्यापकी करून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते, हे माझ्यासारख्या निवृत्तिवेतनधारकांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे. त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाची सूत्रं होती येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे. ते आंध्रातल्या भीमावरमचे. ऑरिओमायसिन जगापुढे आलं १९४८ साली आणि त्याच वर्षी सुब्बाराव वारले. १९५० मध्ये टेरामायसिन आलं, पाठोपाठ खुद्द टेट्रासायक्लिन. तोवर पेनिसिलिन होतं, पण त्याला न जुमानणारे पुष्कळ जंतू या नव्या औषधापुढे नांगी टाकत. शिवाय सुई नको, तोंडाने घेता येतं. लहान मुलांच्या आयांना आणखी काय हवं?

अवगुण कळायलाही फार वेळ लागला नाही. १९५६ सालीच अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की फुप्फुसाच्या जन्मजात विकारासाठी हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या मुलांचे दात रंग बदलतात. १९६३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांच्या बाबतीत इशारा दिला. म्हणजे आमच्या फडताळातला डबा पहिल्यांदा भरला, त्याच्या एक वर्ष आधी! पण वॉशिंग्टनहून निघालेला इशारा कोकणातल्या तालुक्याच्या गावी पोचायला किती वर्षं लागावीत? रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं मुंबईहून आमच्या शाखेत कधी पोचत, ते मी पाहिलेलं आहे. हा तर सातासमुद्रांपलीकडचा कागद. आपल्याकडे टेट्रासायक्लिन आणि क जीवनसत्त्वाच्या मिश्रणावर बंदी आली ती १९८३ साली. मुलांच्या घशात ओतता येतील अशी टेट्रासायक्लिनची पातळ औषधंही पुढे बंदीच्या यादीत गेली. तोवर एक पिढी मोठी झाली होती.

आता हे औषध दातांत शिरतं कसं, ते पाहू, कारण त्यात एक गंमत आहे. कॅल्शियम दिसलं, की टेट्रासायक्लिन त्याला चिकटतं. दात हिरडीच्या आत घडत असतात, तेव्हा रक्तातून त्यांच्याकडे कॅल्शियमचा पुरवठा चालू असतो. त्याच्या बोटाला धरून हे औषध आत जातं आणि तिथेच कायमचं मुक्काम करतं. वरच्या एनॅमलमध्ये थोडं, आणि त्याच्या खालच्या डेंटिन नावाच्या थरात भरपूर. दुधाचे दात आईच्या पोटातच घडू लागतात. पुढचे कायमचे दात साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत असतात. ते वय उलटलेल्याच्या पुढच्या दातांना भय नाही. माझा भाऊ वाचला तो एवढ्यासाठी. घरात ते औषध आलं, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता.

आणि गंमत ही, की आमच्या डॉक्टरांनी आईला एक पथ्य कटाक्षाने सांगितलं होतं : हे औषध दुधातून द्यायचं नाही. कारण तेच. दुधातल्या कॅल्शियमला औषध पोटातच चिकटतं आणि अंगात नीट भिनत नाही. आईने ते पथ्य व्रतासारखं पाळलं, म्हणून तर मधाचं बोट. तिने थोडा हलगर्जीपणा केला असता, दुधाच्या पेल्यात पूड ढवळून दिली असती, तर माझे दात कदाचित पुष्कळ उजळ राहिले असते. पण मग न्यूमोनियाचं काय झालं असतं, हाही प्रश्न उरतोच.

माझे दुधाचे दात पडू लागले, तेव्हा आईला आनंद झाला होता. ते जरा पिवळट होते. आता नवे येतील ते मोत्यासारखे, असं ती शेजारणींना सांगे. एकेक दात मी कौलावर फेकत होते. नवे आले ते सुरुवातीला लख्ख पिवळे आणि वर्ष-दोन वर्षांत करडे पडले. याचंही कारण डॉक्टरने सांगितलं. दातात अडकलेलं ते औषध आधी पिवळं असतं, पण उजेड लागेल तसं काळवंडत जातं. म्हणून पुढचे दात आधी बिघडतात आणि दाढा, ज्यांना सूर्यदर्शन नाही, त्या पुष्कळ वर्षं पिवळ्याच राहतात. याचा अर्थ असा, की मी लहानपणी जेवढी म्हणून हसले असेन, तेवढे माझे दात काळे झाले. हे ऐकून मला खुर्चीतच हसू फुटलं आणि डॉक्टर म्हणाली, ‘‘बघा, छान दिसता की!’’ धंद्याला गोड जीभ लागतेच.

मुलींच्या दातांचं आपल्या समाजात काय होतं, हे वेगळं सांगायला नको. कुंदकळ्या, डाळिंबाचे दाणे, मोत्यांच्या ओळी या सगळ्या उपमा लग्नाच्या बाजारात कामाला येतात. १९८२ ते ८४ या काळात मी आठ वेळा पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले. मला बँकेत नोकरी होती, पगार मुलांच्या बरोबरीचा होता, पत्रिका जुळत होत्या. पहिले दोन कार्यक्रम मी खाली मान घालून निभावले. तिसऱ्या वेळी मुलाने काहीतरी विनोद केला. तो चांगला होता, आणि मी हसले. निरोप आला, ‘योग नाही.’ नंतर मध्यस्थाकडून कळलं, की मुलाच्या मावशीने विचारलं होतं, ‘‘मुलगी मिश्री लावते की काय?’’ आईने त्या दिवशी देवघरासमोर बसून काय केलं, ते मी दाराआडून पाहिलं होतं. ते इथे लिहीत नाही. (माझं लग्न झालं ते बँकेतल्या सहकाऱ्याशीच. त्यांनी मला तीन वर्षं तोंड मिटूनच पाहिलं होतं. पहिल्यांदा खळखळून हसताना पाहिलं, तेव्हा ते म्हणाले, ‘‘अरेच्चा, तुला हसता येतं!’’ दातांबद्दल आजवर चकार शब्द नाही.)

दात पांढरेच असावेत, हा नियमही काही ब्रह्मदेवाने घालून दिलेला नाही. जपानात शतकानुशतकं विवाहित स्त्रिया दात लोखंडाच्या अर्काने काळेभोर रंगवत. तीच तिथली खानदानी शोभा. १८७० साली तिथल्या सरकारने सरदार घराण्यांना ही प्रथा बंद करायला लावली. आपल्याकडेही एके काळी सुवासिनी दातवण लावून दात काळे करीत. म्हणजे शंभर-दोनशे वर्षं आधी जन्मले असते, तर ‘मुलीचे दात किती सुरेख’ म्हणून पसंती आली असती. जरा उशिरा जन्मले, एवढंच.

असो. तर उपाय काय? डॉक्टरने माझ्यापुढे दोन वाटा ठेवल्या.

एक झटपट. पुढच्या दातांचा वरचा पापुद्रा, साधारण अर्धा मिलिमीटर, घासून काढायचा आणि त्यावर चिनी मातीचे पातळ मुखवटे चिकटवायचे. त्यांना व्हिनीर म्हणतात. दोन-चार खेपांत काम फत्ते, मनाजोगता रंग. पडद्यावरच्या बऱ्याचशा हास्यांचं गुपित हेच. पण घासलेलं एनॅमल पुन्हा उगवत नाही. त्या वाटेने एकदा गेलं, की मुखवटे जुने झाले म्हणजे बदलत राहायचं, जन्मभर. शिवाय खालचा रंग फार गडद असला, तर पातळ मुखवट्यातून तो डोकावतो. मग थर जाड करा, म्हणजे दात आणखी घासा.

दुसरी वाट लांबची. तिची जन्मकथा मजेशीर आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे इकडे माझे नवे दात करडे पडत होते त्याच सुमारास, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या एका दंतवैद्याने हिरड्या सुजलेल्या रुग्णाला जंतुनाशक औषध साच्यात घालून रात्रभर दातांवर ठेवायला सांगितलं. हिरड्या बऱ्या झाल्या, आणि दातही उजळले! त्या औषधात कार्बामाइड पेरॉक्साइड होतं. पुढे १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दोघांनी ही रीत शास्त्रीय नियतकालिकात मांडली आणि ती जगभर गेली. दातांच्या मापाचा पातळ पारदर्शक साचा, त्यात दहा टक्क्यांच्या औषधाचे थेंब, आणि रात्री झोपताना तो दातांवर. पेरॉक्साइडचे कण इतके बारीक, की एनॅमलमधून पार होऊन आतल्या डेंटिनपर्यंत पोचतात आणि रंगाचे कण फोडतात. घासणं पोचत नाही तिथे हे पोचतं.

चहा-कॉफीने वा वयाने पिवळे झालेले दात दोन ते सहा आठवड्यांत उजळतात. टेट्रासायक्लिनच्या दातांना मात्र दोन महिने ते सहा महिने, क्वचित वर्षही लागतं. पिवळा आणि तपकिरी रंग ऐकतो, राखाडी-निळा हट्टी. पट्टे पुसट होतात, जातातच असं नाही. हिरडीजवळचा भाग सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी उजळतो. सहा महिने चिकाटीने हे करणाऱ्यांची नॉर्थ कॅरोलिनात नव्वद महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा उजाळा टिकून होता. मधूनमधून दात शिवशिवतात, गार पाणी झोंबतं. तेव्हा एक-दोन रात्री सुट्टी घ्यायची. तोंडात जुनी भरणी किंवा टोप्या असतील, तर त्या उजळत नाहीत हे आधीच समजून घ्यावं, नाहीतर पांढऱ्या दातांत एक पिवळी टोपी उठून दिसायची.

मी दुसरी वाट धरली. साठ वर्षं थांबले, तिथे सहा महिन्यांचं काय मोठंसं? आणि खरं सांगायचं, तर धडधाकट दात तासून काढायला मन धजेना. बँकेत आयुष्य गेलं. मुद्दल मोडून व्याज दाखवणाऱ्या योजनांबद्दल मला उपजतच संशय आहे.

ज्यांना या दोन्ही वाटा खर्चाच्या वाटतात, त्यांच्यासाठी बाजारात तिसरी वाट सजलेली आहेच, आणि तिच्याबद्दल मला थोडं रागावून लिहायचं आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या पार्लरच्या दरपत्रकात भुवया आणि मेंदी यांच्यामध्ये आता ‘दात चकाकवणे, वीस मिनिटांत’ अशी ओळ आली आहे. निळा दिवा लावतात म्हणे. तिथल्या मुलीला मी विचारलं, औषधात पेरॉक्साइड किती टक्के? ती म्हणाली, ‘‘इंपोर्टेड आहे, काकू.’’ युरोपीय देशांनी २०११ साली नियम केला, की एक दशांश टक्क्याहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड असलेलं, सहा टक्क्यांपर्यंतचं औषध दंतवैद्याच्याच हातून सुरू व्हावं, त्याहून कडक प्रसाधन म्हणून विकूच नये, आणि अठरा वर्षांखालच्यांना देऊ नये. आपल्याकडे लग्नसराईत कोण कुणाच्या दातांना काय फासतं, हे विचारायची पद्धत नाही. कोळशाची पूड, लिंबू, सोडा हे घरगुती उपायही निरुपद्रवी नव्हेत. लिंबाच्या आम्लाने आणि खरखरीत पुडीने एनॅमल झिजतं, आणि त्याखालचं डेंटिन मुळातच पिवळं. म्हणजे जितकं घासावं तितका दात पिवळा. माझ्या सगळ्या तरुणपणाचा हाच उद्योग होता.

साचे करायच्या आधी डॉक्टरला माझी एक खालची दाढ चिरलेली सापडली. ती वाचण्यासारखी नव्हती. काढताना तिचे उभे दोन तुकडे झाले. तुकडे मी रुमालात बांधून मागून घेतले. डॉक्टरने सहज सांगितलं होतं, की टेट्रासायक्लिनचा दात जांभळ्या अतिनील प्रकाशात पिवळा चमकतो, विशेषतः उजेड न लागलेला भाग. आता असा दिवा मला कुठे मिळणार, हे बँकेतल्या माणसाला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या शाखेत गेले. गर्दी ओसरल्यावर रोखपाल पोराने नोटा तपासायच्या दिव्याखाली माझी दाढ धरली.

खोट्या नोटा पकडायच्या त्या दिव्याखाली मी उभी हयात घालवली होती. पण असं काही पाहिलं नव्हतं. दाढेच्या आतल्या बाजूला, झाडाच्या खोडात असतात तशा, पिवळ्या प्रकाशाच्या रेघा. तीन बारीक, एक रुंद, पुन्हा दोन बारीक. त्या पोराने मोबाइलवर फोटो काढून दिला. नंतर वाचनात आलं, की सुदानमधल्या नूबिया प्रांतात साधारण दीड हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसांची हाडंही अशीच चमकली होती. १९८० साली हा शोध प्रसिद्ध झाला. धान्याच्या त्यांच्या बिअरमध्ये हाच जंतू वाढत असे आणि ते लोक नकळत टेट्रासायक्लिन पीत.

आई तेव्हा नव्वद वर्षांची होती. दृष्टी अधू, पण स्मरण पक्कं. दातांचं कारण औषध आहे हे तिला सांगावं की नाही, या विचारात मी आठवडा घालवला. शेवटी फोटो मोठा करून तिच्यापुढे धरला आणि रेघा कशाच्या ते सांगितलं. ती बराच वेळ पाहत राहिली. मग रुंद रेघेवर बोट ठेवून म्हणाली, ‘‘हा तुझा न्यूमोनिया.’’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘तिच्या दातांत एकही रेघ नसणार.’’ मधल्या बहिणीबद्दल ती पासष्ट वर्षांत क्वचितच बोलली होती. नंतर तिने विचारलं, बाकीच्या बारीक रेघा कशाच्या? मी म्हटलं, ‘‘खोकल्याच्या असतील.’’ ‘‘म्हणजे त्या नको होत्या,’’ आई म्हणाली. रुंद रेघ हवी होती आणि बारीक नको होत्या, एवढा हिशेब तिने एका वाक्यात मांडला. आजही घसा खवखवला की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकची पट्टी आणणाऱ्या आणि दोन गोळ्या खाऊन उरलेल्या फडताळात ठेवणाऱ्या सुशिक्षित घरांना तो अजून जमलेला नाही.

उलट टोकाची भीतीही बरी नव्हे. २०१८ साली विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. झाडोऱ्यातल्या बारीक किड्यांच्या चावण्याने होणारा हा ताप वेळीच ओळखला नाही तर माणूस दगावतो. त्यावरचं हुकमी औषध डॉक्सिसायक्लिन, टेट्रासायक्लिनच्याच कुळातलं. ते कॅल्शियमला पुष्कळ कमी चिकटतं. अमेरिकेत आठ वर्षांच्या आत ते घेतलेल्या ५८ मुलांचे दात नंतर तपासले, तेव्हा एकाच्याही दातांवर असा डाग आढळला नाही. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१८ पासून तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एकवीस दिवसांपर्यंत ते कोणत्याही वयात द्यायला हरकत नाही, असं म्हटलं आहे. तेव्हा मूल तापाने फणफणलेलं असताना डॉक्टरांनी विचारपूर्वक हे औषध लिहून दिलं, तर माझ्यासारखीचे दात आठवून ‘नको’ म्हणू नका.

माझे साचे जूनच्या अखेरीस तयार झाले. डॉक्टर म्हणाली, आधी फक्त वरचे दात करू. खालचे तसेच ठेवले की फरक ताडून पाहता येतो. रोज रात्री साच्यात थेंब टाकून झोपायची. पहिला महिना काही दिसेना. दुसऱ्या महिन्यात पिवळसरपणा गेला आणि राखाडी जास्तच उठून दिसू लागला. त्या वेळी सोडून द्यावंसं वाटलं होतं. दिवाळीपर्यंत पट्टे विरघळल्यासारखे झाले. हिरडीजवळ मात्र एक करडी कड राहिली आहे, धोतराच्या काठासारखी. ती जाणार नाही, असं डॉक्टरने प्रामाणिकपणे सांगितलं.

डिसेंबरात लग्न झालं. तोच फोटोवाला होता. त्याने या वेळी मला काही सांगितलं नाही, आणि अल्बम आला तेव्हा निम्म्या फोटोंत माझा हात तोंडापुढे आहे. दात बदलले, हाताला अजून कळलेलं नाही. पण एका फोटोत, मुलगी उखाणा विसरली त्या क्षणी, माझं तोंड चांगलं उघडं आहे. तो फोटो मी आईला दाखवला. डोळ्यांजवळ नेऊन तिने तो निरखला. ‘‘वरचे छान झालेत,’’ ती म्हणाली, ‘‘खालचे आहेत ना अजून?’’

आहेत म्हटलं. खालच्या दातांचा साचा डबीत तसाच पडून आहे. डॉक्टर फोनवर अधूनमधून आठवण करते, आणि मी पुढच्या महिन्यात येते म्हणून सांगते.